चार गवय्ये आणि एक गिऱ्हाईक

वेंडेल क्रायडरला एका भिंतीवर शाळेच्या वहीएवढी एक पाटी लावायची होती. एवढंच. हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे टॅनर्सबर्ग गावात त्याच्याबद्दल बरंच काही बोललं गेलं. त्याने भर बाजारपेठेत प्रेत पुरलं इथपासून ते तो नगराध्यक्षपदाला उभा राहतोय इथपर्यंत. त्यातलं काहीही त्याच्या मनात नव्हतं.

वेंडेल हा एकाहत्तर वर्षांचा निवृत्त विमा सर्वेक्षक. ओहायोतल्या त्या भागातली निम्मीअधिक जळकी कोठारं आणि चेपलेल्या मोटारी त्याच्या नजरेखालून गेलेल्या. 'पुरावा काय?' हा त्याचा आवडता प्रश्न. डोरीनने लग्नाला होकार दिला तेव्हाही त्याने तो लेखी मागितला होता, असं ती सांगते. तो साफ नाकारतो, पण कागद कपाटात आहे.

आणि दर गुरुवारी संध्याकाळी वेंडेल बॅरिटोन गायचा.

बार्बरशॉप, म्हणजे न्हाव्याच्या दुकानातल्या, गाण्यात वाद्य नसतं. चौघांनी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि एकाच शब्दावर चार वेगवेगळे सूर लावायचे. मुख्य आवाजाला चाल मिळते, टाळ्या मिळतात, आणि कार्यक्रमानंतर बायका त्याच्याशीच बोलतात. खर्जवाल्याला आदर मिळतो. टेनर सगळ्यांच्या डोक्यावरून तरंगत असतो, त्याला खालचं काही दिसत नाही. या तिघांनी आपापले सूर घेतल्यावर पातेल्याच्या तळाशी जे लागून राहतं, ते खरवडून घेतो तो बॅरिटोन. त्याची ओळ एकटी गायली तर माणूस किल्ल्या शोधताना पुटपुटतोय असं वाटतं. वेंडेल चाळीस वर्षं पुटपुटत होता आणि चाळीस वर्षांत एकाही माणसाने त्याला 'छान गायलास' म्हटलं नव्हतं. डोरीनने एकदा 'आज टाय छान होता' म्हटलं होतं.

अशा माणसाला एक आजोबा असणं फार गरजेचं असतं. वेंडेलला होते. एमॉस क्रायडर. १९०४ साली मेन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात त्यांनी टॅनर्सबर्गची पहिली गायनचौकडी उभी केली, हे क्रायडरांच्या घरात सर्वांना पाठ होतं. त्याला पुरावा काय, हे मात्र वेंडेलने आयुष्यात एकदाही विचारलं नव्हतं.

त्या दुकानात आता कुत्र्यांचे केस कापतात. मालकीण कर्स्टन म्हणाली, "लावा की पाटी. फक्त भिंतीला भोकं पाडायची ती सोमवारी. सोमवारी पूडल नसतात."

इथे वेंडेलने पहिली चूक केली. त्याने कुंपणापलीकडच्या व्हर्न डिलिंगरला ही गोष्ट सांगितली. व्हर्नला कुठल्याही गोष्टीतलं काही कळत नाही, त्यामुळे त्याचा सल्ला कुठल्याही विषयावर मिळतो.

"वहीएवढी?" व्हर्न म्हणाला. "रस्त्यावरून कुणाला दिसणार? माझं ऐक. भिंतीवरची गोष्ट दारापेक्षा लहान असेल तर लोक तिला विजेचा मीटर समजतात."

दुसरी चूक गुरुवारी झाली. चौकडीतला मुख्य आवाज म्हणजे गिल प्रॅट, दाताचा डॉक्टर. त्याने कडेने संगीताचे स्वर कोरलेली किनार सुचवली. खर्ज म्हणजे हार्लन बूश, गावातले अंत्यसंस्कार करणारा. तो महिन्यातून चार वाक्यं बोलतो, त्यातलं एक त्या दिवशी बोलला. "ब्राँझचं काम करणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे." चौथा, टेनरवाला, तेव्हा फ्लोरिडाला गेलेला होता. वेंडेलला वाटलं, चला, एक काम मार्गी लागलं.

पाटी आली ती दोघांनी उचलून. आकार जेवणाच्या टेबलाएवढा. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत लिलीची फुलं आणि मधोमध जोडलेले दोन हात, प्रार्थनेत. हार्लनचा ओळखीचा माणूस जन्मभर थडग्यांच्याच पाट्या ओतत आला होता आणि साचा त्याच्याकडे एकच होता. सवयीने त्याने 'येथे', 'एमॉस क्रायडर' आणि '१९०४' एवढेच शब्द वीतभर उंच काढले होते. चौकडी, स्थापना वगैरे मजकूर खाली मुंग्यांच्या रांगेसारखा.

"हात कशाला जोडलेत?" वेंडेलने विचारलं.

हार्लनने पाटीकडे बराच वेळ पाहिलं. "गातायत," तो म्हणाला. त्या महिन्यातलं ते दुसरं वाक्य.

परवानगी मिळेपर्यंत ठेवायची कुठे, म्हणून कर्स्टनने ती दुकानाच्या काचेत, कुत्र्यांच्या शाम्पूच्या बाटल्यांमागे उभी केली. वेंडेल नगरपालिकेत गेला. तिथल्या कारकून ग्लेंडा स्टुबर यांनी चष्मा पुसून नियमावली उघडली.

"जाहिरात आहे का?"

"नाही."

"बांधकाम?"

"पाटी आहे हो."

"पाटी असा प्रकार नाही आमच्याकडे. जाहिरात, बांधकाम, झाड किंवा झेंड्याचा खांब. यातलं निवडा."

वेंडेलने विचार करून झेंड्याचा खांब निवडला. मग खांबाची उंची, खांब पडला तर किती लांबवर पडेल, वाऱ्यात त्याचा आवाज शेजाऱ्यांना होईल का, अशा सतरा प्रश्नांची उत्तरं त्याने सचोटीने भरली. आवाजाच्या रकान्यात त्याने 'चार जणांचा, फक्त उद्घाटनाच्या दिवशी' असं लिहिलं.

इकडे गावाने काचेतले तेवढेच मोठे शब्द वाचले होते. आठवडाभरात आरोग्य खात्याचा निरीक्षक येऊन कर्स्टनच्या दुकानाची फरशी बुटाच्या टाचेने ठोकून गेला. बाजारपेठेच्या हद्दीत दफनाला मनाई आहे, एकोणीसशे चारमधलं असलं तरी, असं त्याने सांगितलं. एका बाईंनी पाटीपुढे मेणबत्ती लावली. कर्स्टनच्या म्हणण्यानुसार धंदा थोडा वाढला होता, पण येणारे लोक कुत्रा न आणता येत होते.

वेंडेलला पुन्हा बोलावणं आलं. "क्रायडर, तुम्ही खांब लिहिलंत आणि निघालं थडगं," ग्लेंडाबाई म्हणाल्या. "आता एकच वाट आहे. ऐतिहासिक स्मारक म्हणून अर्ज करा. पण त्याला पुरावा लागतो."

"पुरावा?" वेंडेल म्हणाला. हा शब्द कुणी आपल्याला उद्देशून वापरू शकतं, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला.

"आजोबा म्हणायचे, हे चालत नाही. त्या काळचा कागद हवा. ते दुकान पेटीफर्डांचं होतं ना? मग अर्नेस्टीनबाईंना विचारा. चर्चचा गायकवृंद चालवायच्या त्या. त्यांच्याकडे सगळं असतं."

वेंडेल चपापला. दुकान कुणाचं होतं, हा प्रश्नच क्रायडरांच्या गोष्टीत कधी आला नव्हता. त्या गोष्टीत दुकान होतं, खुर्ची होती, आरसा होता, आजोबा होते. न्हावी नव्हता.

अर्नेस्टीन पेटीफर्ड चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. रेल्वेलाइनपलीकडे त्यांचं घर. त्यांनी वेंडेलला बसवलं, पीच कॉब्लर या फळांच्या गोड पदार्थाची बशी हातात दिली आणि तो बोलत असताना त्याच्याकडे असं पाहत राहिल्या, जसं शाळेत पाढे चुकणाऱ्याकडे पाहतात.

"म्हणजे तुमच्या आजोबांनी चौकडी काढली," त्या म्हणाल्या. "माझ्या आजोबांच्या दुकानात."

"असं आमच्या घरात म्हणतात, बाई."

"आणि माझे आजोबा तेव्हा काय करत होते? केर काढत होते?"

वेंडेलने कॉब्लरचा मोठा घास घेतला. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही.

बाई उठल्या आणि कपाटातून एक बिस्किटाचा डबा घेऊन आल्या. आत कागदात गुंडाळलेला एक फोटो होता. पांढऱ्या डगल्यातले चार काळे पुरुष, एकमेकांना अगदी खेटून, तोंडं उघडी. "हे ल्यूशस पेटीफर्ड, माझे आजोबा. बॅरिटोन. हा त्यांचा भाऊ, आणि हे बाकीच्या खुर्च्यांवरचे दोघे न्हावी. गिऱ्हाईक नसलं की गायचे. गिऱ्हाईक असलं तरी गायचे. आमच्या लोकांच्या सगळ्याच दुकानांत तसं होतं. दुकान आमचं, खुर्चीत बसणारे तुमचे. तुम्ही खुर्चीत बसून ऐकलंत, घरी जाऊन गायलात, मग क्लब काढलेत, आणि मग म्हणालात, हे आमचंच."

"मी असं काही..." वेंडेल म्हणाला.

"तुम्ही नाही हो. तुम्ही तर पाटी लावताय." बाईंचा चेहरा सरळ होता, पण डोळे हसत होते. "आता हे वाचा."

ते वर्तमानपत्राचं कात्रण होतं. जून १९०४. वेंडेलने चष्मा वर केला, खाली केला, पण मजकूर बदलला नाही. शनिवारी पेटीफर्डांच्या दुकानात चार न्हाव्यांनी असं काही गायन केलं की ऐकायला थांबलेल्या घोडागाड्यांनी रस्ता अडला, असं बातमीदाराने लिहिलं होतं. शेवटचं वाक्य असं होतं: 'खुर्चीत बसलेल्या एमॉस क्रायडर या तरुण गिऱ्हाइकाने मध्येच पाचवा सूर लावला असता, श्री. पेटीफर्ड यांनी गळ्यावरचा वस्तरा क्षणभर थांबवून त्यांना गप्प राहण्याची विनंती केली, व ती त्यांनी मान्य केली.'

वेंडेलने कात्रणाची घडी घालून ते गुडघ्यावर ठेवलं.

"आणखी एक कागद आहे," बाई म्हणाल्या. "एकोणीसशे एक्कावन्नचा. तुमच्या गायन मंडळात यायचं म्हणून माझ्या वडिलांनी अर्ज केला होता. त्याचं उत्तर. तुमच्या वडिलांचं अक्षर फार सुरेख होतं."

वेंडेलचे वडील तेव्हा टॅनर्सबर्ग गायन मंडळाचे चिटणीस होते. पत्र चार ओळींचं होतं. सभासदत्व गोऱ्या पुरुषांपुरतं आहे, आपल्या आवडीबद्दल आभार, कळावे. वेंडेलने ते दोनदा वाचलं. आयुष्यात त्याने लोकांना नकाराची शेकडो पत्रं लिहिली होती. 'कळावे' हा शब्द इतका वाईट दिसतो हे त्याला माहीत नव्हतं.

"मी कुणाला काही सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "चौऱ्याऐंशी वर्षांत या गावाने मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दोन्ही कागद घेऊन जा, नाहीतर डब्यात ठेवून जा. तुमचं तुम्ही ठरवा. बशी मात्र ठेवून जा."

घरी आल्यावर वेंडेल तासभर मोटारीतच बसून राहिला. शेवटी डोरीन बाहेर आली आणि शेजारच्या सीटवर बसली. त्याने तिला कात्रण दाखवलं. पत्रही दाखवलं. तिने दोन्ही वाचलं.

"तुझ्याकडे असा दावा आला असता तर काय केलं असतंस?" तिने विचारलं.

"आजोबांचा? पहिल्याच पानावर फेटाळला असता."

"मग?"

"आजोबा आहेत, डोरीन."

"आपल्या लग्नाआधीचा तो कागद मी अजून जपलाय," ती म्हणाली. "तो मागणारा माणूस पुरावा पाहून मत बदलायचा, म्हणून केलं मी त्याच्याशी लग्न." आणि ती स्वयंपाकाला निघून गेली.

गुरुवारी त्याने चौकडीला सांगितलं. गिल प्रॅटचा चेहरा पडला. "अरे, पाटी ओतून झालीये. कोण बघतंय? दोघांनाच माहीत आहे ना?"

"तिघांना," वेंडेल म्हणाला. "डोरीनला सांगितलं. आणि आत्ता तुम्हा दोघांना."

हार्लनने घसा साफ केला. "वितळवू या," तो म्हणाला. तिसरं वाक्य. ओळखीच्या माणसाला यावेळी हात आणि फुलं न काढण्याची ताकीद देण्यात आली. त्याला वाईट वाटलं. त्याच्या मते जोडलेल्या हातांची खरी गरज या नव्या मजकुराला होती.

ग्लेंडाबाईंनी पुराव्यावर शिक्का मारला, पण नियम म्हणजे नियम. मूळ कागदात ज्यांची ज्यांची नावं आहेत ती सगळी स्मारकावर यायला हवीत, एकही गाळता येणार नाही. वेंडेलने शेवटचं वाक्य गाळण्यासाठी दोन अर्ज केले. दुसऱ्या अर्जावर ग्लेंडाबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'गिऱ्हाईकही इतिहासाचा भाग आहे.' ही गोष्ट त्याने फोनवर सांगितली तेव्हा पेटीफर्डबाई इतक्या हसल्या की त्यांना फोन ठेवून पाणी प्यावं लागलं.

उद्घाटन शनिवारी दुपारी ठरलं. शुक्रवारी टेनरवाल्याचा फ्लोरिडाहून निरोप आला: खुब्याचं दुखणं, येत नाही. वेंडेल पेटीफर्डबाईंकडे गेला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. "तुम्ही गाल का? टेनरची जागा रिकामी आहे."

"टेनर मी गात नाही," बाई म्हणाल्या. "आमच्या घरात बॅरिटोन गातात. ल्यूशस, मग माझे वडील, मग मी. बॅरिटोनशिवाय बाकीचे तिघे म्हणजे बसथांब्यावर उभी असलेली माणसं."

चाळीस वर्षांत आपल्या सुराबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. वेंडेलचा ऊर भरून आला. आणि तेवढ्यातच त्याच्या लक्षात आलं की आपला सूर गेला.

"मग टेनर कोण गाणार?"

"तुम्ही," बाई म्हणाल्या. "आवाज वर न्या आणि दात दाखवू नका."

शनिवारी मेन स्ट्रीटवर गर्दी झाली. थडगं उघडणार अशी अफवा अजून पूर्ण विझली नव्हती, तिचाही हातभार लागला. रेल्वेलाइनपलीकडचं चर्च सगळं आलं होतं. कर्स्टनने दार उघडं ठेवलं होतं आणि अर्धवट भादरलेला एक पूडल उंबऱ्यात बसून होता.

वेंडेलने आधी पाटी वाचली. ल्यूशस पेटीफर्ड आणि इतर तिघांची नावं, १९०४, टॅनर्सबर्गची पहिली चौकडी. मग घसा खाकरून शेवटची ओळ: 'गिऱ्हाईक एमॉस क्रायडर यांना गप्प राहण्याची विनंती करण्यात आली.' लोक हसले. व्हर्न डिलिंगर सर्वांत मोठ्याने हसला आणि सर्वांत शेवटी थांबला.

मग वेंडेलने खिशातून दुसरा कागद काढला. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, डोरीनलाही नाही. वडिलांचं पत्र त्याने जसंच्या तसं वाचलं, तारखेसकट, सहीसकट, 'कळावे'सकट. आता कुणी हसलं नाही. गिल बुटांकडे बघत होता. "हे पाटीवर नाही," वेंडेल म्हणाला. "पण हे याच गावात लिहिलं गेलं, आणि लिहिणारा माझा बाप होता. त्याच्या वतीने मी माफी मागतो, पेटीफर्डबाई. तुमच्या वडिलांची मागायला उशीर झाला."

अर्नेस्टीनबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "त्यांनी ते पत्र फाडलं नाही," त्या म्हणाल्या. "मी विचारलं होतं का ते. म्हणाले, कधीतरी कुणाला तरी मोठ्याने वाचावं लागेल." मग त्यांनी वेंडेलचा दंड धरून त्याला आपल्याजवळ ओढलं. "चला. आता गा."

हार्लनने खाली सूर धरला. गिलने चाल लावली. बाईंनी आपला सूर त्या दोघांच्या मधल्या फटीत असा सरकवला, की वेंडेलने चाळीस वर्षं त्या जागी जे काही केलं होतं त्याला काय म्हणावं हा प्रश्न पडावा. वेंडेलने दात झाकले आणि वर उडी मारली. पहिल्या दोन ओळी तो केविलवाणा किंचाळला. पूडल उठून आत गेला. बाईंनी त्याच्या बरगडीत कोपर खुपसलं आणि न थांबता भुवईने खूण केली: थोडं वर, अजून थोडं.

शेवटच्या सुरावर ते घडलं. चारही सूर अचूक बसले की त्यांच्यावर एक पाचवा सूर वाजू लागतो, जो कुणीच गात नसतं. या गाण्यासाठी माणसं आयुष्य घालवतात ती या एका आवाजासाठी. वेंडेलने तो पूर्वी ऐकला होता, दहावीस वेळा, आणि दर वेळी कडेने, ओझरता. त्या दुपारी तो त्याच्या कवटीतून सुरू झाला आणि मेन स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंच्या काचा वाजवत गेला. समोरच्या फुटपाथवर ग्लेंडा स्टुबर हातातली फाइल छातीशी धरून उभ्या होत्या. चौघांनी श्वास संपेपर्यंत सूर सोडला नाही.

टाळ्या ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "दुसऱ्या ओळीत उतरला होतास." त्यांनी त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं. "सराव कर. गुरुवारी सहाला माझ्या घरी. त्या दाताच्या डॉक्टरलाही आण, त्याला वाटतं गाणं त्याचंच आहे."

"आणि माझा बॅरिटोन, बाई?"

"तुझा?" अर्नेस्टीनबाई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी वेंडेल गॅरेजचं दार लावून आत सराव करत होता. पंधराव्या मिनिटाला दारावर थाप पडली. बाहेर व्हर्न उभा होता, हातात फावडं आणि जुनं पोतं.

"कोण अडकलंय आत?" व्हर्नने हळूच विचारलं. "रॅकून आहे का? घाबरू नकोस, मी धरतो, तू दार सोड."

वेंडेलने कोटाची बटणं लावली. "आत मी आहे, व्हर्न," तो म्हणाला. "मी आता टेनर आहे."

व्हर्नने मान तिरकी करून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग, ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच, काहीही सल्ला न देता तो पोतं घेऊन घरी गेला. वेंडेलने दार पुन्हा लावून घेतलं, दात झाकले, आणि दुसरी ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली.